इतिवृत्त

मंगळवार. संध्याकाळचे सात वाजून चार मिनिटं.
नऊपैकी सात सदस्य हजर.
खिडकीबाहेर एरी सरोवरावरून आलेला वारा
आणि वाऱ्यात तिरका पडणारा बर्फ.
हे इतिवृत्तात येत नाही.
मी लिहिते एवढंच : कोरम पूर्ण.

एकोणीस वर्षं मी या सभागृहाची कारकून.
गावभरचं म्हणणं
दोन बोटं समास सोडून कागदावर बसवायचं, हे माझं काम.
शाळांची गळकी छपरं : चर्चा झाली.
वेल्डन स्ट्रीटचे बंद दिवे : चर्चा झाली.
एकशे बारा ओसाड घरं, पाडायची की विकायची :
चर्चा झाली, तहकूब.
तहकूब हा शब्द माझी बोटं
आता झोपेतसुद्धा टाइप करतील.

मग नागरिकांची वेळ. माणशी तीन मिनिटं.
बोलणाऱ्यासमोर वीतभर खांब, त्यावर तीन दिवे.
हिरवा, बोला.
पिवळा, आवरा.
लाल लागला की माझा हात माइकच्या बटणाकडे.

व्हर्लीन टिब्स उठली.
अंगात अजून कामावरचं पोपटी जाकीट,
काखेत ‘थांबा’ लिहिलेला गोल फलक.
दारावरच्या रक्षकाने तो ठेवून घ्यायचा प्रयत्न केला होता.
दिला नाही तिने.

हिरवा लागला.
ती दिव्यांकडेच बघत राहिली.
“छान आहेत हो. कितीला पडले?”

मागच्या रांगेत खसखस पिकली.
अध्यक्ष ओस्ट्रोस्की म्हणाले, बाई, विषयावर या.

“विषयावरच आहे.
सहा वर्षं माझ्या चौकासाठी हेच मागतेय.
इथे बोलणारी माणसं आवरायला सिग्नल आहे.
तिथे मुलांच्या आणि ट्रकच्या मध्ये
मी आहे, आणि माझा उजवा गुडघा.
तुम्ही म्हणालात, आधी मोजणी करू.
आला एक माणूस, रस्त्यावर आडवी काळी नळी टाकून
आठवडाभर गाड्या मोजून गेला.
जुलैत.
शाळेला कुलूप असताना.

मुलं कोणी मोजली?
मी मोजते. दोनशे एकेचाळीस.
गेल्या महिन्यापासून दोनशे चाळीस,
कारण तिओडोरो कुबड्यांवर आहे
आणि त्याची आई त्याला गाडीतून सोडते.”

पिवळा.

तिने फलक काखेतून काढला
आणि सभागृहाकडे तोंड करून उंच धरला.
पुढे काही बोललीच नाही.

लाल लागला.
नियमाप्रमाणे मी बटण दाबायला हवं होतं.
पण आवाज नसेल तर बंद काय करायचं?
जुना हीटर भिंतीत ठकठक करत होता.
ओस्ट्रोस्कींनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.
सदस्या बोशां यांनी न विचारताच हात वर केला.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी संमत.
सिग्नल नाही. तो अजून अभ्यासातच आहे.
तोवर चौकात एक लुकलुकणारा पिवळा दिवा,
शाळेच्या वेळेपुरता.
पैसे ग्रंथालयाच्या बॉयलरमधून वळते करावेत.
म्हणजे हा हिवाळाभर ग्रंथालय
दोन तास आधी बंद होणार,
आणि तिथे उबेला बसून गृहपाठ करणारी मुलं
अंधार पडायच्या आत
तोच चौक ओलांडून घरी जाणार.
हे कोणाच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.
व्हर्लीनच्या आलं असावं.
टाळ्या वाजल्या तेव्हा ती जाकिटाची चेन लावत होती,
आणि चेन अडकली होती.

रात्री टाइप करायला बसले.
श्रीमती टिब्स यांनी चौकाबाबत निवेदन केलं. चर्चा झाली.
कर्सर तिथेच उघडमीट करत राहिला.
मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मी नियमाबाहेरची एक ओळ घातली :
बाहेर बर्फ पडत होता आणि त्या चालत घरी गेल्या.

पुढच्या मंगळवारी इतिवृत्त मंजुरीला आलं.
काही दुरुस्त्या? अध्यक्षांनी विचारलं.
सातही जणांनी पान उलटलं.
एकमताने मंजूर.